मांजराच्या ताटलीत कांदा नको

कांद्याचं नाव निघालं की लासलगाव आठवतं. इथली बाजार समिती १९४७ सालची. पण याच लासलगावात घरी मांजर असेल, तर त्याच्या ताटलीत कांद्याचा कणही पडू नये. असं का? त्यासाठी थोडं मागं जाऊ या.

माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडला आहे. आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे १९०८ साली अँड्र्यू ब्यूकॅनन या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्लेगवरचा उपाय म्हणून मांजरं पाळण्याचा पुरस्कार केला.

म्हणजे मांजर घरात राहिलं ते उंदरांसाठी. आपण दूध-पोळी घालत होतो, पण त्याचं खरं जेवण कणगीमागे, माळ्यावर चालायचं. ते आपल्याला दिसलं नाही आणि मांजर दूध-भातावर जगतं, असा समज होऊन बसला.

हा समज शास्त्रज्ञांनी खोटा ठरवला. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर मांजराची दृष्टी जाते, हे १९७५ साली कळलं; हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली. त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यातलं टॉरिन वाढवलं.

आज फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर कुठून मिळणार? त्याची सगळी भिस्त आपल्यावर. म्हणून मांजरासाठीचं, ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं खाद्य द्यावं. कुत्र्याचं खाद्य चालणार नाही. जोडीला बिनमसाल्याचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन किंवा मासा. दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही.

आणि कांदा? कच्चा, तळलेला, वाळवलेला, कसाही असो, तो मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. लसूणही तसाच. रश्श्यातली फोड धुऊन दिली तरी कांद्याचा अर्क तिच्यात मुरलेला असतोच. हिरड्या फिक्या पडल्या, लघवी गडद झाली, तर लगेच पशुवैद्य गाठावा.

आपलं धान्य राखणाऱ्या या जनावराला आपल्या ताटातलं उष्टं नको. उंदराच्या जागी त्याच्या उपयोगाचं काही द्यायला हवं.