'कॅसाब्लांका' बोलपटाची मूळ संहिता व तिचे पाठभेद

जुन्या कागदपत्रांस वाहिलेल्या या पानांत बोलपटाचा विषय पाहून वाचकांस किंचित् नवल वाटेल. परंतु ज्या कृतीस एक कर्ता नाहीं, जिची मूळ प्रत एक व प्रचलित प्रत दुसरी, आणि जिच्याभोंवतीं दंतकथांचें रान माजलें आहे, ती कृति आमच्याच परीक्षेचा विषय होय. वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीनें इ. स. १९४२ मध्यें काढलेला 'कॅसाब्लांका' हा कृष्णधवल बोलपट अशांपैकींच आहे.

कथा थोडक्यांत अशी. काळ डिसेंबर १९४१ चा. व्हिशी सरकारच्या अंमलाखालील मोरोक्कोंत रिक नांवाचा अमेरिकन गृहस्थ मद्यगृह चालवितो. पॅरिस येथें त्यास सोडून गेलेली इल्सा आपला पति लाझ्लो या नाझीविरोधी पुढाऱ्यासह तेथें येते. सुटकेचे दोन परवाने रिकच्या हातीं असतात. अखेरीस तो त्या दांपत्यास विमानांत बसवून देतो व आपण मागें राहतो.

आतां दंतकथा. नायिका कोणाबरोबर जाणार हें चित्रण चालू असतां कोणासच ठाऊक नव्हतें व शेवट आयत्या वेळीं सुचला, असें सर्वत्र सांगतात. इल्सेची भूमिका करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमन यांनींही आपणांस कोणावर प्रेम करावयाचें तें सांगितलें गेलें नव्हतें, अशी आठवण दिली आहे. प्रत्यक्ष साक्षीदाराचें म्हणणें म्हणून लोकांनीं तें प्रमाण मानलें. परंतु साक्षीहून दस्तऐवज बलवत्तर हा आमचा नेहमींचा नियम येथेंही लावला पाहिजे.

दस्तऐवज उपलब्ध आहे. मरे बर्नेट व जोन ॲलिसन यांनीं इ. स. १९४० मध्यें 'एव्हरीबडी कम्स टु रिक्स' हें नाटक लिहिलें. बर्नेट हे न्यूयॉर्क येथील शाळामास्तर होते, इ. स. १९३८ मध्यें व्हिएन्नास गेले असतां तेथील यहुदी लोकांची दैना त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली होती. बोलपटापूर्वीं नाटक रंगभूमीवर आलेंच नाहीं. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे ८ डिसेंबर १९४१ रोजीं, तें वॉर्नर कंपनीच्या वाचकाकडे पोंचलें व पुढें २०,००० डॉलरांस विकत घेतलें गेलें. या संहितेंत रिक त्या स्त्रीस लाझ्लोबरोबर रवाना करतो व स्वतः शत्रूच्या हातीं सांपडतो. म्हणजे त्याग मूळचाच आहे, आणि तो अमेरिका युद्धांत उतरण्यापूर्वींचा आहे. शिवाय विवाहित स्त्रीनें पतीस टाकून प्रियकराकडे राहावें, हा शेवट तत्कालीन अमेरिकन चित्रपटनियमांत बसणारा नव्हता.

मग अनिश्चित होतें काय? इल्सेचें मन कसें वळवावें आणि मागें राहिलेल्या रिकचें काय करावें, एवढेंच. पटकथेचीं पानें चित्रण चालू असतांच लिहिलीं जात होतीं, तेव्हां बर्गमनबाईंची साक्ष खोटी नव्हे. तिची व्याप्ति मात्र लोकांनीं वाढविली. पटकथाकार म्हणून ज्युलियस व फिलिप एप्स्टाइन हे जुळे बंधु आणि हॉवर्ड कॉक यांचीं नांवें आहेत. केसी रॉबिन्सन यांनींही प्रसंग लिहिले, पण त्यांचें नांव नाहीं. शेवटचें प्रसिद्ध वाक्य तर निर्माते हॅल वॉलिस यांचें. चित्रण संपल्यावर बोगार्ट यांचा आवाज निराळा मुद्रित करून तें पाठमोऱ्या आकृतींवर बसविलें. हें शुद्ध प्रक्षिप्त होय. पण इतकें बेमालूम प्रक्षिप्त आमच्या पोथ्यांतही विरळा.

परवान्यांवरील सहीविषयीं एक पाठभेद आहे. पीटर लॉरे यांच्या परदेशी उच्चारामुळें कोणास 'दे गॉल' ऐकूं येतें, कोणास 'वेगां'. दे गॉल यांस व्हिशीच्या न्यायालयानें इ. स. १९४० मध्येंच देहान्ताची शिक्षा ठोठावली होती. त्यांच्या सहीस व्हिशीच्या मुलखांत कोण जुमानणार? जनरल वेगां हे मात्र नोव्हेंबर १९४१ पर्यंत उत्तर आफ्रिकेंत व्हिशीचे मुख्य प्रतिनिधि होते. इतिहास दुसऱ्या पाठाच्या बाजूस आहे. तथापि कोणाच्याही सहीनें असले अबाधित परवाने निघत नव्हते. तें नाटककर्त्यांनीं कल्पिलेलें कूटपत्र होय.

संस्कृत नाटक सहसा वियोगावर संपत नाहीं. येथें विप्रलंभच अखेरपर्यंत टिकतो, व तो टिकतो म्हणूनच ही कथा पुनः पुनः पाहवते असें आम्हांस वाटतें. विमानांत दोघें एकत्र गेलीं असतीं तर हा बोलपट त्या सालच्या इतर शेंकडों बोलपटांत केव्हांच मिसळून गेला असता. त्यांत आणखी एक सत्य मिसळलें आहे. मद्यगृहांत जर्मन अधिकारी आपलें गीत म्हणूं लागतात तेव्हां इतर सारे उठून फ्रान्सचें राष्ट्रगीत गातात. त्या गर्दींत खरेखुरे निर्वासित होते. अश्रु ढाळीत गाणाऱ्या मादलेन लबो या पति मार्सेल दालिओ यांजसह इ. स. १९४० मध्यें पॅरिसहून निसटल्या होत्या. नाझी मेजर झालेले कॉनराड फाइट यांनीं स्वतःच इ. स. १९३३ मध्यें जर्मनी सोडली होती.

इ. स. १९५२ मध्यें पश्चिम जर्मनींत जी प्रत दाखविली, तींतून नाझींचे सर्व प्रसंग, सुमारें २५ मिनिटांचा भाग, गाळला होता. लाझ्लोचा केला नॉर्वेचा शास्त्रज्ञ लार्सेन! मूळ प्रत नव्या जर्मन संवादांसह तेथील लोकांस दिसली ती इ. स. १९७५ मध्यें.