तेवढीच डबी

गणपती आले की डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या डीटीपीत रात्रंदिवस एकच काम असे, दिवाळी अंकांचं. मजकूर फ्लॉपीवर मावायचा. गाडी अडायची मुखपृष्ठाशी. ए-फोर आकाराचं चाररंगी चित्र 300 डीपीआयला जवळपास 35 एमबी भरतं. म्हणजे 1.44 एमबीच्या पंचवीस फ्लॉप्या, आणि त्यातली एखादी ऐनवेळी दगा देणार. म्हणून एमओ, म्हणजे मॅग्नेटो-ऑप्टिकल चकती घेतली. साडेतीन इंची, फ्लॉपीसारखीच पण जाडसर डबी, 128 एमबीची. ती पर्समध्ये टाकून म्हात्रे पुलावरून मी सदाशिव पेठेत प्रोसेसवाल्याकडे जायची आणि चार रंगांच्या पॉझिटिव्ह घेऊन यायची.

पुढे डबी तेवढीच राहिली, लेबलवरचा आकडा चढत गेला. 128 चे 230 झाले, मग 640, 1998 मध्ये 1.3 जीबी, नंतर 2.3.

लिहिताना लेसर चकतीवरचा एक ठिपका साधारण 200 अंशांपर्यंत तापवतो. टर्बियम, लोह आणि कोबाल्टच्या थराची चुंबकी पकड तिथे ढिली पडते, पलीकडचं चुंबक तिला वर किंवा खाली वळवतं, आणि गार होताच ती दिशा पक्की होते. वाचताना मंद लेसर टाकतात. परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण अंशभरही नाही, त्याहून कमी फिरतं. जॉन केर यांनी 1877 मध्ये नोंदवलेला हा परिणाम. एवढ्याशा फरकावर आमचे अंक छापले जात.

128 च्या चकतीत आतल्या लहान वर्तुळावर जेवढे सेक्टर, तेवढेच बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर असत. 230 मध्ये ती बाहेरची वाया जाणारी जागा वापरात आली. मग लेसर 780 नॅनोमीटरवरून 650 वर उतरला, ओळींमधलं अंतर 1.6 मायक्रॉनवरून 0.9 वर. पण लेसरचा ठिपका काही हवा तेवढा बारीक होत नाही. खुणा लहान लिहिता आल्या, तरी वाचताना शेजारच्या खुणा एकदमच दिसायच्या. फुजित्सू आणि सोनीने 1.3 जीबीला केलं ते मला सर्वांत सुंदर वाटतं. त्यांनी आणखी एक थर दिला. लेसरखाली नेमक्या तापलेल्या भागातच तो खालची खूण आपल्यावर उमटवून घेतो, बाकीच्या झाकून ठेवतो. ठिपका तोच, खिडकी मात्र त्याहून लहान.

लिहायला एमओ संथ. आधी पुसणार, मग लिहिणार, मग पडताळणार, तीन फेऱ्या. गुरुवारी वीज जायची, म्हणून बुधवारी रात्री मी ड्राइव्हचा हिरवा दिवा बघत बसे. तो वेळ मला कधी जड गेला नाही, कारण पडताळून दिलेली चकती पेठेत उघडायचीच. आणि 1.3 च्या ड्राइव्हमध्ये जुनी 128 सुद्धा वाचली जायची. वाढत्या आकड्यापेक्षा मला त्याचंच मोल जास्त वाटे.

नंतर सीडी रायटर स्वस्त झाले, प्रोसेसवाल्याने एमओ घेणं बंद केलं. गेल्या दिवाळीत मी जुना संगणक काढून स्कसी केबल जोडली, 1995 ची डबी आत सारली. तीनदा खडखड झाली, आणि मुखपृष्ठावरची पणती लावणारी बाई पडद्यावर वरून खाली हळूहळू उतरत आली.