सोन्यात मुद्दाम घातलेली भेसळ: मेटल-सिरॅमिक कॅपची गोष्ट

आजचा भाग दाढेवरच्या कॅपवर आहे, पण सुरुवात सोन्यापासून करतो. मी विश्रामबागचा. आमच्या सांगली जिल्ह्यातले, विशेषतः विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरलेत. त्यांचं काम काय, तर जुनं सोनं-चांदी वितळवून त्यातली भेसळ काढायची. कॅपचा इतिहास नेमका उलटा आहे. शुद्ध सोन्यावर पोर्सिलेन नीट धरत नाही. धरावं म्हणून सोन्यात भेसळ घालावी लागली.

तसं पोर्सिलेन दातांच्या कामात जुनंच. पॅरिसचा औषधविक्रेता दुशातो १७७४ च्या सुमारास पोर्सिलेनची कवळी करून बघत होता. १९०० च्या आसपास डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजून अख्ख्या दाताला बसणारी टोपी केली. (हे लँड म्हणजे १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या आईचे वडील.) दिसायला छान, पण चावताना फुटायची. पोर्सिलेन दाब सोसतं, ताण नाही.

मग आत धातू घाला ना! इथे आकडे आडवे येतात. सोन्याचा मिश्रधातू एक अंश तापला की एका मीटरमागे साधारण १४ मायक्रॉन वाढतो, साधं फेल्डस्पारचं पोर्सिलेन ८ च्या आसपास. भट्टीत सुमारे ९५० अंशांना दोघं सुखाने नांदतात. थंड होताना धातू इतका जास्त आकसतो की वरचा थर तडकतो.

तोडगा १९६२ चा. त्या सप्टेंबरात अमेरिकेत मॉरिस वाइनस्टाइन, शेल्डन कॅट्झ आणि अब्राहम वाइनस्टाइन यांना पेटंट मिळालं. त्यांनी पोर्सिलेनमध्ये पोटॅशचं प्रमाण वाढवलं. त्यामुळे आत ल्युसाइटचे स्फटिक तयार होतात. ल्युसाइट भरपूर प्रसरण पावतं, वीसच्या वर. ते योग्य प्रमाणात आलं की पोर्सिलेन १३ च्या आसपास पोचतं. बरोबर १४ नको, किंचित कमीच हवं. बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवून पाणी ओतलं की ती आकसून लाकूड आवळते, आठवतंय? इथे धातू आत आहे, पण तोही थोडा जास्त आकसतो आणि चिकटलेल्या थराला ओढून दाबाखाली ठेवतो. मला या सगळ्यात हेच सगळ्यात हुशार वाटतं: फरक शून्य न करता थोडा शिल्लक ठेवणं.

आता भेसळ. भट्टीत सांगाडाच वाकू नये म्हणून सोन्यात प्लॅटिनम-पॅलेडियम घालून वितळबिंदू वाढवला. पण सोनं गंजत नाही, आणि पोर्सिलेनला धरायला ऑक्साइड लागतं. म्हणून एखाद टक्का कथील, इंडियम, लोखंड. तापवलं की ते पृष्ठभागावर येऊन ऑक्साइडचा पातळ थर होतात, आणि पोर्सिलेन त्या थराशी जोडलं जातं.

(या धंद्यातलं मोठं नाव जर्मनीची व्हिटा कंपनी. आमच्या विट्याशी संबंध नाही.)

पुढे १९७१ नंतर सोन्याचा भाव मोकळा सुटला आणि औंसाला ३५ डॉलरवरून जानेवारी १९८० मध्ये ८५० पर्यंत गेला. लॅबवाले निकेल-क्रोमकडे वळले. तिथे अडचण उलटी: ऑक्साइड जास्तच होतं, आणि जाड थर स्वतःच सुटतो. काही मिश्रधातूंत त्यावर उपाय म्हणून बेरिलियम घातलं. ओतकामही सोपं झालं. पण घासताना उडणारी बेरिलियमची धूळ फुप्फुसांचा गंभीर आजार देऊ शकते, आणि ती नाकात जाते टेक्निशियनच्या, पेशंटच्या नाही. म्हणून यंदा आईच्या दाढेच्या वेळी डॉक्टरांनी ‘मेटल-सिरॅमिक की झिर्कोनिया?’ विचारल्यावर मी आधी धातू कुठला ते विचारलं. ‘बेरिलियम-फ्री’ म्हणाले. आईला तेवढ्या बोलण्याचाही कंटाळा आला होता. तिने परवडणारी म्हणून मेटल-सिरॅमिकच घेतली.

झिर्कोनियाचं काय? त्याचं प्रसरण साडेदहाच्या आसपास. म्हणजे वाइनस्टाइनांचं ल्युसाइटवालं पोर्सिलेन त्यावर चालत नाही, वेगळं बनवावं लागलं. तरी २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत वरच्या थराचे टवके उडायच्या तक्रारी खूप होत्या. आता दाढांसाठी बऱ्याचदा अख्खी कॅपच झिर्कोनियाची कोरतात, वर थरच देत नाहीत.