वर्गाबाहेरचा मुलगा आणि मास्तरांची शाळा

आजच्या भागाची सुरुवात इस्लामपुरातल्या एका शाळेपासून करूया. काळ शंभरेक वर्षांपूर्वीचा. तेव्हा वाळवा तालुका सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला १९४९ मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. म्हणून आज मी 'सातारा' म्हणालो की त्यात आपलं इस्लामपूरही आलं असं समजा.

तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रांमध्ये एक प्रसंग सांगतात. भाऊराव इस्लामपुरात आले होते. एका शाळेत त्यांना दिसलं की मुलं वर्गात बसलीत आणि एक मुलगा मात्र वर्गाबाहेर बसून शिकतोय. चौकशी केली तेव्हा कळलं की तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला आहे. त्याचं नाव ज्ञानदेव घोलप. भाऊरावांनी त्याला सोबत घेतलं आणि कोल्हापूरला मिस क्लार्क वसतिगृहात ठेवून त्याच्या शिक्षणाची सोय केली. हेच घोलप पुढे 'मूकनायक'चं संपादन करू लागले आणि मुंबईच्या कायदेमंडळातही गेले.

ही गोष्ट आपण बऱ्याचदा ऐकतो आणि भाऊरावांचं कौतुक करून थांबतो. पण जरा नीट बघा. त्या गावात शाळा होती, फळा होता, मास्तरही होता, आणि तरीही मुलगा बाहेर! म्हणजे नुसती शाळा काढून भागत नाही. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं हे दररोज सकाळी मास्तर ठरवतो. मग तो मास्तर घडतो कुठे?

हा प्रश्न भाऊरावांच्याही आधी महात्मा फुल्यांनी विचारला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा जाणणारा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा मास्तर त्यांना हवा होता. सरकारदरबारी ही मागणी तशीच पडून राहिली.

आता भाऊरावांकडे येऊ. घराणं आपल्याच वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. जन्म कुंभोजचा, १८८७ चा. किर्लोस्करांचे नांगर विकायला ते गावोगाव फिरले होते, त्यामुळे शेतकऱ्याचं घर त्यांनी आतून पाहिलं होतं. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. एकाच पंगतीत जेवण आणि सगळी कामं मुलांनीच करायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले आणि त्यांच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

आणि मग आलं १९३५ साल. साताऱ्यात भाऊरावांनी प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं. नाव ऐकून दचकाल. 'सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज'! त्या वर्षी पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला २५ वर्षं पुरी झाली होती, हीच ती ज्युबिली. अंगावर खादी आणि कॉलेजला बादशहाच्या सोहळ्याचं नाव. माझा अंदाज असा की सरकारी मान्यतेचं गणित यात असणार. पुढे याच कॉलेजला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. १८८२ ची ती मागणी ५३ वर्षांनी साताऱ्यात पुरी व्हायला लागली होती, तेव्हा हे नाव शोभलंच. १९४२ मध्ये स्त्री शिक्षिकांसाठी जिजामाता ट्रेनिंग कॉलेज निघालं.

त्या काळी सातवी म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला पोरगा मास्तर होऊ शकत असे. पण पास होणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. पाठाचं टाचण काढणं, सराव पाठ घेणं, मागे बसलेल्या निरीक्षकासमोर न अडखळता बोलणं, हे सगळं शिकावं लागतं. रयतमध्ये त्याला आणखी एक जोड होती. निरनिराळ्या जातींची पोरं एका ताटवाढीला बसायची आणि हाताने काम करायची. असा मास्तर गावात गेल्यावर पोराला बाहेर बसवताना त्याचा हात थोडा तरी अडखळणारच की!

भाऊराव ९ मे १९५९ ला गेले. त्यांच्या कामाचा हिशोब नेहमी असा देतात: ३८ वसतिगृहं, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ३ महाविद्यालयं आणि ६ ट्रेनिंग कॉलेजं. वार्षिक अहवालात डोळा जातो तो ५७८ वर. माझं म्हणणं, त्या ६ वर बोट ठेवा. एकेक खोलीच्या त्या शाळांना माणूस लागत होता, आणि तो या सहा ठिकाणांसारख्या जागीच तयार होणार होता.

आज काय आहे? एके काळी डी.एड.ला प्रवेश मिळावा म्हणून धडपड असायची. पुढे जागा रिकाम्या राहू लागल्या, कितीतरी अध्यापक विद्यालयांना कुलूप लागलं. २०१३ पासून राज्यात टीईटी आली, मग भरतीची वाट पाहणं आलं. २०२० च्या धोरणात चार वर्षांची एकात्मिक पदवी आहे. लांबलेलं शिक्षण चांगलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सातवी झालेला शेतमजुराचा पोरगा वर्षा-दोन वर्षांत मास्तर होऊन गावी परतायचा, ती वाट आता किती लांबली आणि किती महागली याचाही हिशोब अहवालात यायला हवा. नाहीतर कागदावर प्रगती दिसेल आणि कोणीतरी परत उंबऱ्याबाहेर राहील. या वेळी जातीऐवजी फीचं कारण असेल, एवढंच.

जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरात, भावकीत किंवा वस्तीत पहिला 'ट्रेंड' मास्तर किंवा पहिली बाई कोण होती, कुठल्या कॉलेजात शिकली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून ठेवा. आपल्या भागाचा शिक्षणाचा इतिहास बराचसा अशाच घरांमध्ये पडून आहे.