आतलं आधी: सुहेली, जोशुआ आणि बाबांची लोखंडी बोट

आजचा भाग आमच्या घरातून सुरू होतो, तेवढं सांभाळून घ्या. मग आपण १९६३-६४ च्या मुंबईत जाऊ, तिथून फ्रान्सला, आणि शेवटी गोव्याला.

तर झालं असं. माझे बाबा भोसरीच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करायचे. टाक्या, डक्ट, शेडचे सांगाडे, जे येईल ते. गेल्या वर्षी रिटायर झाले. दिवाळीनंतर एका रविवारी डायनिंग टेबलवर त्यांनी एक मोठं ड्रॉइंग पसरलं. तीस फुटी शिडाची बोट, सगळी स्टीलची. पत्रा किती जाडीचा, फ्रेम किती अंतरावर, वेल्डिंग कुठून सुरू करायचं, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. म्हणाले, "सहा महिन्यांत सांगाडा उभा करतो बघ."

आई म्हणाली, "आणि पुण्यात समुद्र कुठून आणणार?"

"ट्रेलरवरून घाट उतरवू."

पैसे पीएफचे. म्हणजे दोघांच्या म्हातारपणाचे. आईने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "तू इंजिनीयर आहेस ना? मग समजाव त्यांना." आता मी सॉफ्टवेअरवाली. मला पत्र्यातलं काय कळतंय? मी बाबांना एकच प्रश्न विचारला, "बोटीच्या आत काय असणार?" तर म्हणाले, "अगं, आतलं म्हणजे सुतारकाम. ते नंतर बघू. टिंबर मार्केटमधून प्लाय आणायचं आणि एखादा मिस्त्री लावायचा."

हे "नंतर बघू" मी ऑफिसात रोज ऐकते, त्यामुळे माझे कान टवकारले. स्वतःच्या बोटी बांधणाऱ्या लोकांनी आतलं काम कसं केलं, त्याचं पुढे काय झालं, हे शोधायला बसले. त्यातून आजचा भाग तयार झाला.

सुरुवात मुंबईतून. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा विशीतला इंग्रज तरुण ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. त्याला स्वतःची शिडाची बोट हवी होती. इंग्लंडहून एका डिझाइनचे नकाशे मागवले, तर आले दुसरेच. जुन्या वळणाचं, 'एरिक' नावाचं, १९२० च्या दशकातलं डिझाइन. परत पाठवून नवीन मागवायला वेळ नव्हता, म्हणून जे आलं तेच बांधायला घेतलं. कुठे? कुलाब्याच्या एका वर्कशॉपमध्ये. कशाची? आपल्या सागाची.

मुंबई आणि साग हे नातं जुनं आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागाची जहाजं बांधली. त्यातलं १८१७ चं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. कुलाब्याचे सुतारही त्याच पद्धतीने काम करणारे होते. हत्यारं म्हणजे लाकूड तासायला वाकस आणि भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता. असल्या हत्यारांनी ३२ फुटी बोट उभी राहिली, आणि १९६४ च्या अखेरीस नारळ फोडून पाण्यात उतरली. नाव ठेवलं 'सुहेली'. आखातात वाहणाऱ्या एका वाऱ्याचं हे अरबी नाव.

१९६५ च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे तिच्यातून मुंबईहून निघाले. आफ्रिकेला वळसा घालून १९६७ मध्ये लंडनला पोहोचले. मग १४ जून १९६८ ला तो त्याच बोटीतून एकटा निघाला. शर्यत होती जगाला एकट्याने, कुठेही न थांबता वळसा घालायची. नऊ जण उतरले होते. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, एकच परत आला. मुंबईच्या सागाची बोट घेऊन.

ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. मला जी नवीन होती ती पुढची.

सप्टेंबर १९६८. आफ्रिकेच्या दक्षिणेला वादळ. नॉक्स-जॉन्स्टन आत बंकवर झोपलेला. एका लाटेने बोट सरळ आडवी केली. तो अंधारात फेकला गेला आणि हत्यारं, डबे, जे जे म्हणून सुटं होतं ते सगळं त्याच्या अंगावर येऊन पडलं. बोट परत उभी राहिल्यावर त्याने आत बघितलं तर केबिनच्या कडेने भेगा. आतल्या आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, जागच्या हलल्या होत्या. आणखी एकदोन तसे फटके बसले असते तर केबिनच निघून गेली असती आणि डेकला मोठं भगदाड पडलं असतं. पुढे बसून त्याने ते सगळं बोल्ट-स्क्रूने आवळलं. टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं, तेव्हा पावसाचं पाणी साठवलं. रेडिओ पाण्याने गेला. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंड सोडल्यावर एप्रिलमध्ये अझोर्स बेटांजवळ एका टँकरला दिसेपर्यंत तो जिवंत आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

यातल्या किती गोष्टी आतल्या आहेत बघा. बंक, डबे ठेवायची जागा, बल्कहेड, पाण्याची टाकी, रेडिओची जागा. यातलं काहीच घरातल्या फर्निचरसारखं नाही. लाकडी बोटीत बल्कहेड हा बोटीच्या ताकदीचाच भाग असतो. तो हलला की वरचं छप्परही हलतं.

मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लाकूड आहे ते, हलणारच. माझी स्टीलची आहे."

म्हणून मग मी स्टीलकडे गेले. आणि मजा म्हणजे त्याच शर्यतीत स्टीलची बोटही होती. बेर्नार म्वातेसिये या फ्रेंच माणसाची 'जोशुआ'. १९६२ ची. ती बांधली गेली शोफाय नावाच्या गावात, समुद्रापासून लांब, पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारखान्यात. म्हणजे चक्क फ्रान्सची भोसरी! हे ऐकल्यावर बाबा खुर्चीत सरसावून बसले.

जोशुआ भक्कम होती, साधी होती. डोलकाठ्या म्हणे टेलिफोनच्या खांबांच्या. १९६५-६६ मध्ये म्वातेसिये आणि त्याची बायको ताहितीहून केप हॉर्नला वळसा घालून स्पेनला आले. १४ हजारांवर सागरी मैल, मध्ये कुठेही न थांबता. या बोटीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे वरचा लोखंडी घुमट. त्याला काचा होत्या, आणि आत सुकाणूचं एक चाक होतं. बाहेर लाटा फुटत असताना माणूस आत कोरडा बसून बाहेर बघू शकत होता, बोट वळवू शकत होता. आता विचार करा, असा घुमट नंतर बसवता येतो का? पत्रा कापायच्या आधीच माणूस आत कुठे बसणार, त्याचे डोळे किती उंचीवर येणार, हे ठरवावं लागतं.

शर्यतीत म्वातेसियेने बोट हलकी करायला इंजिनासकट बरंच जड सामान काढून टाकलं होतं. तो जिंकूही शकला असता. पण मार्च १९६९ मध्ये त्याने शर्यत सोडली आणि पुन्हा ताहितीकडे निघून गेला. जोशुआ आज फ्रान्समध्ये ला रोशेलच्या सागरी संग्रहालयात आहे.

आता जरा तांत्रिक बोलू, कारण बाबांशी माझा खरा वाद इथेच झाला.

लाकडी बोटीत सुतार आत कधीही खिळा मारू शकतो, भिंतच लाकडाची असते. स्टीलच्या बोटीत तसं होत नाही. प्लायचे बल्कहेड, बंक, टाक्यांचे पट्टे, हे सगळं धरायला फ्रेमवर लोखंडी कान वेल्ड करावे लागतात. मग सॅंडब्लास्टिंग, मग इपॉक्सी प्रायमर, मग फोम. फोम कशाला? बाहेर गार पाणी आणि आत माणसाचा श्वास, स्वयंपाकाची वाफ. उघड्या पत्र्यावर रात्रभर दव धरतं आणि अंथरुणावर टपटपतं. म्हणून पाण्याच्या रेषेच्या वर आतून फोम मारतात. त्याखालचा तळ मोकळा ठेवतात, म्हणजे पाणी साचलं तर दिसतं आणि उपसता येतं.

आणि एकदा फोम मारला की त्या भागात वेल्डिंग करता येत नाही. पत्र्याच्या बाहेरून ठिणगी लावली तरी आतला फोम पेटू शकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणजे "इथे एक कपाट हवं होतं" हे नंतर आठवलं तर फोम खरवडा, रंग घासा, वेल्ड करा, परत रंग, परत फोम. एका कपाटासाठी!

गंज तर आणखी गमतीचा. स्टीलच्या बोटी बहुतेक आतून गंजतात. बाहेरून आपण दरवर्षी रंगवतो, पण बंकच्या मागे, टाकीच्या खाली हात पोहोचत नाही. फ्रेमच्या कोपऱ्यात पाणी अडून बसतं. म्हणून फ्रेमला खालून भोकं ठेवायची, पाणी तळाकडे वाहून जायला. आतलं अस्तर स्क्रूने काढता येईल असंच लावायचं. गॅसच्या सिलिंडरची पेटी अशा ठिकाणी करायची की गळती झाली तर गॅस थेट बाहेर जाईल, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो तळात साचून बसतो. होकायंत्राची जागासुद्धा आधी ठरवायची, चहूबाजूंनी लोखंड असताना ते फसतंच.

म्हणजे क्रम उलटा आहे. स्टीलच्या बोटीत आतलं काम कागदावर आधी पूर्ण करावं लागतं, पत्रा नंतर.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे कान वेल्ड करायचं माझ्या ड्रॉइंगमध्ये नाहीये."

शेवटचा मुक्काम गोवा. जगाला एकट्या भारतीयाने शिडाच्या बोटीतून वळसा घालावा, ही कल्पना लावून धरली व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. म्हणजे स्वप्न समुद्राचं आणि घर दुष्काळी भागात, हे आपल्याकडे आधीही झालंय! नौदलातले कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकले. होय, तेच सुहेलीवाले. बोट बांधली गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात. डच डिझाइन, ५६ फूट, लाकडाच्या पट्ट्यांवर फायबरग्लास. नाव 'म्हादेई'. दोंदे यांनी नुसती बोटीची डिलिव्हरी घेतली नाही, बांधकामात ते स्वतः गुंतलेले होते. भर समुद्रात काही मोडलं तर दुरुस्त करणारे तेच असणार होते ना. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परत आले. नंतर त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

आणि मग 'थुरिया'. २०१८ मध्ये जुन्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून ती पुन्हा भरवली. टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी गोव्यात सुहेलीच्या डिझाइनची बोट बांधली. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात तिची डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीच्या मण्यांना जबर दुखापत झाली. उभं राहता येईना. फ्रेंच जहाज 'ओसिरिस' येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन दिवस, ते आत बंकवर पडून होते. शीड नाही, डोलकाठी नाही, बाहेर जायची सोय नाही. उरलं होतं ते बोटीचं कवच, ती झोपायची फळी आणि हाताशी असलेलं मेसेज पाठवायचं यंत्र. आतलं काम म्हणजे काय, हे मला त्या तीन दिवसांनी समजलं.

तर मंडळी, आईने सांगितलेलं काम मी काही केलं नाही. बाबांना "नको" म्हणाले नाही. पण आमचा एक करार झाला. आतलं ड्रॉइंग पूर्ण झाल्याशिवाय पीएफला हात लावायचा नाही. आईचीही त्याला मंजुरी आहे, निदान सध्या तरी.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधून आले तर बाबा सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने बोट आखत होते. खऱ्या मापाची. दोन मीटरचा बंक, तिथे ओटा, इथे पाण्याची टाकी. स्वतः त्या बंकमध्ये आडवे होऊन बघत होते. वॉचमन काका टॉर्च धरून उभे. मला म्हणाले, "अगं, इथे झोपलो की हात टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचत नाही. टाकी सरकवावी लागेल."

खडूची टाकी सरकवायला ओलं फडकं पुरतं. मी वर जाऊन आणून दिलं.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरात कुणी असं काही बांधत असेल तर जरूर कळवा, बाबांना सोबत होईल.