नाटक मंडळीत मुलगा पाहिजे

डोळे मिटा. उघडाल तेव्हा तुमचं वय बारा असेल. चष्मा, मिश्या, गुडघेदुखी, सगळं मागे राहिलं. डोक्यावर शेंडी, बाकी तुळतुळीत. अंगात थोरल्या भावाचा उतरलेला कोट, पायांत काही नाही. वाचणाऱ्या बाई असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपण चाललोय तिथे मुलींना दार बंद आहे. बायकांच्या मंडळ्या आहेत, पण त्या वेगळ्या. इथे आत शिरायचं तर मुलगा व्हावं लागेल. आणि मुलगा होऊन शिरलात की पहिलं काम मिळेल ते मुलीचं. यात काही विचित्र आहे असं तिथे कुणालाच वाटत नाही, तेव्हा तुम्हीही चेहरा सरळ ठेवा.

गाडी मिरजेच्या अलीकडे आहे. तिसऱ्या वर्गाचा लाकडी बाक, आणि खिडकीतून आलेला कोळशाचा कण नेमका तुमच्या उजव्या डोळ्यात. मामा धोतराच्या सोग्याचा बोळा करून, त्यावर फुंकर मारून डोळा शेकताहेत आणि कानाशी पुटपुटताहेत, "वय विचारलं तर अकरा सांग." अकरा का, बारा का नको, ते दुपारपर्यंत कळेल.

स्टेशनाबाहेर पाऊस, चिखल, भिजलेल्या घोड्यांचा उग्र वास. टांगा सतारमेकरांच्या गल्लीतून जातो. छताला वाळलेले भोपळे टांगलेत, तूण लाकडाचा भुसा ओल्या हवेत जड झालाय, कुठेतरी लाख तापतेय, आणि दर दुकानात कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडतंय. दर्ग्याकडून ऊद-लोबानाचा लोट येतो. "नीट ऐकून घे, हाच सूर मागतील," मामा म्हणतात. मामांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.

मंडळीचं बिऱ्हाड एका जुन्या वाड्यात आहे. मंडळीचं नाव विचारू नका. एकीच्या दोन आणि दोनांच्या तीन होण्याचे हे दिवस, संध्याकाळपर्यंत पाटी बदललेली असायची. पावसाळ्याचा मुक्काम चाललाय. दसऱ्यानंतर 'सौभद्र', 'मृच्छकटिक' आणि 'शारदा' घेऊन दौऱ्यावर निघायचंय, आणि 'शारदे'ला पोरं कमी पडताहेत. उंबरा ओलांडताच वास अंगावर येतो: गुंडाळून ठेवलेल्या पडद्यांचा दमट रंग, कापूर, घाम, हिना अत्तर आणि मुदपाकखान्यातली फोडणी, सगळं एकदम. माडीवर कुणी तबला ठोकतंय, जिन्याखाली कुणी गदा रंगवतंय, आणि एक माणूस भिंतीकडे तोंड करून भिंतीवर भयंकर संतापलाय. तो नक्कल पाठ करतोय. नक्कल म्हणजे वहीत उतरवून दिलेली फक्त स्वतःची भाषणं. समोरचा काय बोलणार ते तालमीतच कळतं. भिंतीला तेवढाही पत्ता नाही.

तुम्हाला कुणी काही विचारत नाही. तालीममास्तर ओसरीवर सुपारी कातरत बसलेत. वर न बघता म्हणतात, "पोरा, तांब्या आण रे."

"आणतो."

"काय?"

"आणतो!"

ते मान डोलावतात आणि सुपारीकडे वळतात. परीक्षा सुरू झालीय, हे तुमच्या गावीही नाही.

मग पायपेटीवाले बोलावतात. भात्याची धाप लागल्यासारखी फसफस ऐकू येते आणि सूर उमटतो. मामा आधीच सांगून मोकळे होतात, "भजन फार सुरेख म्हणतो, मास्तर." तुमच्या जिभेचं लाकूड झालंय. तुम्ही घरी म्हणता तसं, आपल्या सोयीच्या पट्टीत सुरू करता. मास्तर अडकित्ता उचलतात, पेटी वर सरकते. काळी दोन. काळी तीन. काळी चार. तिथे गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताणल्या जातात, कानांत हवा भरते. घरात असं गायलात तर आजी ओरडेल. इथे मास्तर उठतात, छत्री घेऊन चौक ओलांडतात आणि पलीकडच्या पडवीत जाऊन पाठ फिरवून बसतात. मधे पत्रा, पत्र्यावर मिरजेचा पाऊस.

"हां. आता गा."

तुम्ही ओरडता. पावसापलीकडून उत्तर येतं, "ओरडू नको! ओरडणारी पोरं मला स्टेशनावर फुकट मिळतात!"

त्यांचा हा छळ बिनकामाचा नाही. बहुतेक गावांत थिएटर म्हणजे पत्र्याची शेड. ध्वनिक्षेपक नाही. पिटातल्या शेवटच्या माणसानंही पैसे मोजलेले असतात आणि त्याच्या शेजारी कुणीतरी शेंगा फोडत असतो. तुम्ही दुसऱ्यांदा सुरू करता, तिसऱ्यांदा. कधीतरी रागानं, दमून, जोर लावायचं सोडून देता. आणि आवाज निघतो. बारीक, सरळ, स्वतःलाच अनोळखी. पडवीतली पाठ वळत नाही, पण छत्री जमिनीवर ठेवली जाते.

पुढचा अर्धा तास ते एक हरकत घेतात, तुम्ही परत करता. साकी, दिंडी, मग एकदम ख्यालाच्या चालीवरचं पद, ज्यात शब्द एकीकडे धावतात आणि ताल दुसरीकडे. एकदा सम चुकते. तोंडावर हात मारावासा वाटतो. मास्तर मात्र त्या चुकीकडे बघतच नाहीत. 'श' आणि 'ष' वेगळे निघतात का, 'ण'चा 'न' होतो का, तिकडे त्यांचा कान. मग जवळ बोलावून सुपारीनं खरखरीत झालेला अंगठा तुमच्या कंठावर ठेवतात.

"वय?"

"अकरा."

"बरं. अकरा," ते मामांकडे बघून म्हणतात.

कोपऱ्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा तिकिटांचे गठ्ठे बांधतोय. गेल्या दिवाळीपर्यंत तो शारदा होता. एका रात्री पदाच्या मध्यावर त्याच्या तोंडून एकाच वेळी दोन आवाज निघाले. कंठ फुटला. आता तो दारावर तिकिटं फाडतो, आणि खेळ सुरू असताना मुद्दाम बाहेरच्या बाजूला उभा राहतो. फारच झालं तर गद्य मंडळीत जाता येतं. तिथे गणपतराव जोशी हॅम्लेट करतात आणि थिएटर श्वास धरून बसतं. पण त्यासाठी गणपतराव असावं लागतं. मला विचाराल तर गळा आज कसा आहे हे सांगायला मास्तर लागत नाहीत, मामाही सांगतील. मास्तर हिशेब करताहेत तो हा गळा किती मोसम पुरेल याचा. भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि किर्लोस्कर मंडळीचा गळाच गेला. नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, मिळायला १९०५ उजाडलं, आणि तो याच मिरजेत शकुंतला म्हणून उभा राहिला. सतरावं वर्ष, एक कान अधू, आणि गळा तसाच गोड. तेव्हापासून प्रत्येक मामाला आपला भाचा बालगंधर्व वाटतो. मास्तरांना सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो.

"जा, आबांकडे जा."

आबा म्हणजे स्त्रीपार्टी. पस्तिशीचे, हनुवटीवर निळसर झाक, केस कमरेच्या खाली. न्हाऊन ते केस धुपाटण्यावर पसरून बसलेत. तुम्हाला पाहून जाडसर आवाजात म्हणतात, "सोड कोट." मग नऊ वार लुगडं तुमच्याभोवती फिरू लागतं. त्याला खळीचा, जुन्या घामाचा आणि कुठल्याशा अत्तराचा वास आहे. तुमच्या आधी ते कितीजण नेसलेत कोण जाणे. काष्टा असा खेचतात की तुम्ही टाचांवर येता.

"चाल."

तुम्ही चालता.

"पाणी भरायला चाललीस की भांडायला?"

माडीच्या कठड्यावरून पोरं खिदळतात. 'चाललीस' ऐकून तुमचे कान लाल होतात. आबा हसत नाहीत. तुमचा उजवा हात धरून पदराचं टोक मुठीत देतात. "हातांचं काय करायचं हेच नव्या पोराला कळत नाही. एका हाताला काम दे. पदर धर, फूल धर, मैत्रिणीची वेणी धर. मग दुसरा आपोआप शहाणा होतो. आणि लाजलीस ना आत्ता? लक्षात ठेव कुठे कुठे गरम झालं ते. महिन्याभरात लाज जाईल, पण दाखवायची रोज आहे."

पंगतीत तुम्ही शेवटच्या पाटावर. वरच्या टोकाला मालक आणि गवई नट. तूप तिथून निघतं आणि तुमच्यापर्यंत येताना पातळ झालेलं असतं. वाफाळता भात, आमटी, भोपळ्याची भाजी. घरी दोन वेळा पोटभर मिळतंच असं नाही, त्यामुळे तुमचा हात थांबत नाही. शेजारचा पोरगा खिशातून चिंचेचा गोळा काढून पुढे करतो. तुम्ही हात लांब करता आणि थांबता, कारण मास्तरांची नजर पानावरून उचलली गेलीय. चिंच, दही, गार पाणी, गाणाऱ्या पोराला सगळं बंद. तुम्ही हात मागे घेता. पोरगा निर्विकारपणे गोळा स्वतःच्या तोंडात टाकतो. तो लढाईत भाला धरून उभा राहतो, त्याला सगळं चालतं.

निवडलं की नाही, कुणी बोलत नाही. मामा स्टॅम्पाच्या कागदाची चौकशी करून येतात, "बघू म्हणाले," आणि घोरायला लागतात.

शनिवारी 'शारदा' आहे, आणि तुम्हाला सांगितलं जातं, मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहा. तोंडावर सफेदा चढतो. ओला असताना गार, वाळला की कातडी ओढतो. नाकाला खाज सुटते. पडद्याच्या भोकातून बघता: किटसनच्या बत्त्या फुसफुसताहेत, त्यांच्याभोवती पावसाळी पाखरं, खाली पागोट्यांचा आणि टोप्यांचा समुद्र, विड्यांचा धूर, ओल्या छत्र्या, गोटीसोड्याचे फटाके. धूप, नारळ, तिसरी घंटा, नांदी.

तुमची पाळी आल्यावर यातलं काहीच दिसत नाही. बत्तीची धग डाव्या गालावर आणि पुढे काळोख, पण तो काळोख खोकतोय. तुमच्या वाट्याला एक वाक्य आहे. ते कसं गेलं ते तुम्हाला कधीच आठवणार नाही. शारदा पद म्हणते. गर्जना होते, "वन्समोअर!" ती पुन्हा म्हणते. पुन्हा गर्जना. तुम्ही तिच्या शेजारी, वेणी हातात धरून, आणि तिन्ही वेळा तुम्हाला ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं चकित व्हायचंय. नाकाची खाज तिसऱ्यांदा असह्य होते. तुम्ही पदर नाकाशी नेता आणि समोरच्या काळोखाला वाटतं, मैत्रीण रडली.

मग खरंच कुणी रडायला लागतं. वर, बायकांच्या बाजूला. देवलांनी १८९९ साली म्हाताऱ्या नवऱ्याला विकली जाणारी पोर रंगमंचावर आणली, तेव्हापासून तिथे असंच होतं म्हणे. तुम्हाला ताई आठवते, तिच्यापेक्षा तिचे यजमान आठवतात, आणि तुम्ही पदर नाकाशी तसाच धरून ठेवता.

खेळ संपतो तेव्हा तीन वाजून गेलेत. तोंड खोबरेल लावून पुसलं तरी कानामागे सफेदा उरलाय.

सकाळी चौकात न्हावी बसलाय. आठवड्याची हजामत. पोरं ओळीनं उकिडवी बसलीत: चिंचवाला भालेवाला, नवे दोघे. वस्तरा चामड्यावर फिरतो, एकेक डोकं गुळगुळीत होत जातं, दगडावर पाण्याचे शिंतोडे. तुमची पाळी येते. मान खाली, मानेवर गार पाणी, न्हाव्याचा अंगठा टाळूवर.

"ए, ए! थांब!" मास्तर माडीच्या खिडकीतून अर्धे बाहेर आलेत, तोंडात दातवण. "त्याच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही! आजपासून केस वाढवायचेत त्याचे!"

न्हावी तुमची मान सोडतो आणि पुढच्या पोराला हाक मारतो.