पेशवे दफ्तर : निवड आणि सूची

इ. स. १८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे त्यातील रुमाल लावले गेले ते मुख्यतः महसुलाच्या व इनामतपासणीच्या सोयीने. अशा मांडणीत इनामाचा कागद शोधणे सुकर होते. दुष्काळ वा स्त्रीजीवन अभ्यासणाऱ्यास मात्र रुमालामागून रुमाल सोडावे लागतात. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. हे कार्य थोरच. परंतु निवड म्हणजे सूची नव्हे. निवडीबाहेरचा मोडी कागद, तो कोठे आहे हेच ठाऊक नसल्याने, अभ्यासकास अप्राप्य राहतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार अभिलेखांची सूची व निर्देशसूची ठेवणे सार्वजनिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. पुणे पुराभिलेखागारापुरता त्याचा अर्थ, प्रत्येक रुमालातील विषय, स्थळे व व्यक्ती यांची नोंद, असाच घ्यावा लागेल.